आठव्या दगडावरचा बाण

उन्हाळा संपता संपता त्या गावात दरवर्षी उत्साहाला भरती यायची. शाळा उघडायला आठवडा उरलेला असायचा, उन्हाची धार जरा बोथट झालेली असायची, आणि सबंध उन्हाळा पंख्याखाली लोळून काढलेले लोक अचानक जागे होऊन कंबर कसायचे. शाळेच्या मैदानावर मांडव पडायचा. रस्सीखेच, पोत्यांची शर्यत, बँड, सरबताची टेबलं, शिवणवर्गाच्या पिशव्यांचं प्रदर्शन, सगळं एका दिवसात उरकायचं. आणि या सगळ्याच्या आधी, सकाळी, डोंगरफेरी. तळ्याकाठून निघायचं, डोंगराच्या कुशीतून नऊ किलोमीटर चालायचं आणि मैदानावर येऊन थडकायचं. तिथे औषधवाले, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक आणि समितीचे कायमचे अध्यक्ष, आलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याचं एक पदक घालायचे. त्या पुठ्ठ्यापायी चांगली शहाणीसुरती माणसं पाय सुजवून घ्यायची.

पदकं रंगवायचा पेंटर. वाटेवरचे बाणही तोच काढायचा. वाटेला बारा फाटे होते, प्रत्येक फाट्यावर एक मोठा दगड आणि दगडावर पांढरा बाण. वर्षभरात ऊनपावसाने तो पार पुसून जायचा, म्हणून फेरीच्या आदल्या दिवशी दरवर्षी नवा काढायचा. बाण नव्हते त्या काळात बँकेचे एक मॅनेजर वाट चुकून पलीकडच्या गावात उतरले होते आणि तिथल्या कुठल्याशा लग्नात पोटभर जेवून संध्याकाळच्या बसने परत आले होते. तेव्हापासून समितीने हे काम पेंटरच्या गळ्यात घातलं. त्याला आता बावीस वर्षं झाली होती.

त्यातली एकवीस वर्षं बायको त्याच्याबरोबर असायची. लोक तिला पेंटरीणबाई म्हणायचे आणि ते तिला आवडायचंही. दोघांचं घर मैदानाच्या मागेच, त्यामुळे ती दोघं फेरी उलटी करायची. मैदानापासून निघून तळ्यापर्यंत जायचं आणि तिथून बसने घरी. म्हणजे लोक ज्या दिशेने चालत येणार, त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेने पेंटर प्रत्येक फाट्यावर पोचायचा. रंगाचा डबा आणि ब्रश त्याच्याकडे, पाण्याची बाटली आणि फडकं तिच्याकडे. फाटा आला की ती दगड ओलांडून चार पावलं पुढे जायची, मागे वळायची आणि हात लांब करून म्हणायची, "इकडे हं."

"माहीत आहे," असं म्हणून पेंटर तिच्या हाताच्या दिशेने बाण काढायचा. बाईला मध्ये मध्ये बोलायची सवय आहे, एवढंच त्याला वाटायचं.

हे सगळं बिनसलं ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका उकारावरून. डेअरीच्या नव्या दुकानाचा फलक पेंटरने रंगवला होता. निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, कडेला एक गाय, आणि गाय तर अशी झाली होती की बघणाऱ्याला तिची भीती वाटावी. उद्घाटनाला अर्धं गाव जमलं. फलकावरचं कापड बाजूला झालं, 'ताजे दुध' अशी अक्षरं झळकली, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच पेंटरीणबाई म्हणाली, "अहो, दूध दीर्घ असतं ना?"

मग शाळेचे ड्रिलमास्तर म्हणाले, "पाणी घातलं असेल हो, म्हणून उकारही पातळ झाला!" आणि मग जो हशा पिकला त्यात डेअरीवाला सोडून सगळं गाव सामील झालं.

पेंटर शुद्धलेखनात कच्चा नव्हता, हे इथे सांगायला हवं. आयुष्यभर त्याने 'दुधाचे दर' आणि 'दुधाची गाडी' रंगवली होती आणि तिथे तो उकार ऱ्हस्वच असतो. हात सवयीने गेला. पण हे सगळं त्या गर्दीत कोण ऐकून घेणार? तळपायाची आग मस्तकात घेऊन तो घरी आला. दार लावून घेतलं आणि बायकोला म्हणाला, "चारचौघांत माझी चूक काढायची नाही. यापुढे कधीच नाही. कळलं?"

"अहो, मी सहज म्हटलं..."

"कळलं का?"

"बरं," ती म्हणाली.

आणि ते 'बरं' तिने अक्षरशः पाळलं. एकदा तो शर्टाची बटणं वरखाली लावून बँकेत जाऊन आला, ती दारात उभी राहून बघत होती. एकदा सिनेमागृहासाठी त्याने 'दुरुस्तीसाठी बंध' अशी पाटी रंगवली, ती दोन दिवस दारावर लटकत होती आणि शेवटी पोस्टमनने हसत हसत त्याच्या लक्षात आणून दिली. घरी येऊन त्याने विचारलं, "तू पाहिली होतीस ना ती पाटी? इथे वाळत टाकली होती तेव्हा?"

"पाहिली होती."

"मग?"

"मग काय?" ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

माणसाला शांतता मिळाली की ती कुठून आली हे तो सहसा विचारत नाही. पेंटरनेही विचारलं नाही. उलट बायको सुधारली, असं त्याच्या मनाने घेतलं.

बाण काढायचा दिवस आला तेव्हा ती म्हणाली, "मी यंदा नाही येत. उद्या मी शिवणबाईंच्या वर्गातल्या बायकांबरोबर फेरीतच चालणार आहे. एवढी वर्षं नुसते बाण बघितले, पदक काही मिळालं नाही."

"नको येऊस. माझं काही अडत नाही," पेंटर म्हणाला. आणि खरंच अडलं नाही. तो एकटा गेला, बाराही दगड रंगवले आणि नेहमीपेक्षा एक तास आधी बसमध्ये येऊन बसला. बसमध्ये त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

फेरीचा दिवस उजाडला तो छान. हवेत किंचित गारवा, डोंगरावर वाळलेलं पिवळं गवत, मैदानावर सकाळपासून पोरांचा गोंधळ. लोक तीन तुकड्यांत निघणार होते. पहिली तुकडी ड्रिलमास्तरांची, दुसरी पोस्टमनची, तिसरी शिवणवर्गाच्या चौदा बायकांची. तिसऱ्या तुकडीबरोबर डेअरीवाला वाटाड्या म्हणून जाणार होता, पण सकाळी त्याची पाठ धरली. औषधवाल्यांनी हात झटकला. "पेंटरीणबाई आहेत की! त्यांना ती वाट झोपेतसुद्धा सांगता येईल."

साडेदहाच्या सुमारास पहिल्या दोन तुकड्या मैदानावर येऊन पोचल्या. पदकं वाटून झाली. पेंटर मंचाजवळ उभा राहून शेवटची हातमिळवणी करत होता, तेवढ्यात औषधवाले लांबून ओरडले, "पेंटर, बँडला जागा दाखवा जरा!"

"मंचाच्या उजवीकडे उभे राहा," पेंटर बँडमास्तरला म्हणाला.

बँडमास्तर गळ्यात भलं मोठं वाद्य अडकवून घामाघूम झाला होता. तो वैतागून म्हणाला, "कुणाच्या उजवीकडे? तुमच्या की आमच्या? तुम्ही आमच्याकडे तोंड करून उभे आहात, साहेब. तुमची उजवी ती आमची डावी."

पेंटरने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मग डाव्या.

त्याला आठवा दगड आठवला. तिथे वाटेच्या दोन्ही अंगांना कमरेइतकं गवत होतं. बाकीच्या फाट्यांवर दगडासमोर बसल्यावरही गावाची वाट समोर दिसायची, त्यामुळे हात आपसूक बरोबर जायचा. आठव्याला मात्र बसलं की गवताशिवाय काही दिसत नव्हतं. तिथे पोचल्यावर, तळ्याकडे तोंड करून उभा असताना, त्याने मनाशी म्हटलं होतं, आपण आलो ती वाट उजवीकडची. मग तो वळला, दगडासमोर बसला आणि उजवीकडे बाण काढला. वळल्यावर उजवी बाजू डावी होते, एवढी साधी गोष्ट. एकवीस वर्षं समोर एक हात लांब केलेला असायचा, म्हणून ती त्याला कधी लक्षात ठेवावीच लागली नव्हती.

त्या बाणाने माणूस जुन्या दगडखाणीकडे जातो. खाणीच्या काठाने एक पाऊलवाट आहे, ती लांबून का होईना गावातच उतरते. पण तिच्या कडा ठिसूळ झाल्याचं मागच्या पावसापासून लोक सांगत होते.

तो धावत ड्रिलमास्तरांकडे गेला. "मास्तर, आठव्या दगडाशी काही वेगळं दिसलं का हो?"

"दगड?" मास्तर सरबताचा पेला खाली ठेवत म्हणाले. "मी कशाला दगड बघतोय? तीस वर्षं चढतोय तो डोंगर."

पोस्टमन तर हसलाच. "मी पत्ते वाचतो, पेंटर. बाण नाही वाचत."

म्हणजे तिसऱ्या तुकडीखेरीज कुणी तो बाण बघणारच नव्हतं. हे ध्यानात आल्यावर पेंटरने लगेच औषधवाल्यांना गाठायला हवं होतं. मंचावर माइक होता, मैदानाबाहेर औषधवाल्यांची जीप उभी होती, दहा मिनिटांत ती डोंगराच्या पायथ्याशी पोचली असती. पण पेंटरच्या डोळ्यांसमोर डेअरीचं उद्घाटन उभं राहिलं. पुन्हा तेच गाव, तेच ड्रिलमास्तर, पुन्हा एक विनोद. तो मंचाकडे वळलाच नाही. आणि मग त्याला एक विचार सुचला, आणि तो सुचल्याबरोबर त्याला हायसं वाटलं.

ती आहे ना बरोबर.

तिला वाट पाठ आहे. ती तो बाण बघेल, 'काहीतरीच काय!' असं म्हणेल आणि बायकांना डावीकडे घेऊन येईल. घरी आल्यावर फार तर दोन शब्द ऐकवेल. ऐकवू दे. पेंटरने सरबत घेतलं. पोत्यांची शर्यत बघितली. बेकरीवालीचा नवरा पोत्यासकट तोंडावर पडला तेव्हा सगळ्यांबरोबर तोही हसला. शिवणवर्गाच्या टेबलापाशी जाऊन त्याने एक पिशवी उलटसुलट करून पाहिली. मध्येच तो मैदानाच्या फाटकापर्यंत जाऊन यायचा. असा एक तास गेला. हा तास त्याने स्वतःला पुढे कधी माफ केला नाही, आणि करूही नये.

साडेअकरा वाजून गेले आणि फाटकातून कुणी आलं नाही. पेंटर पाचव्यांदा फाटकाशी उभा होता, तेव्हा त्याला सिनेमागृहाची पाटी आठवली. 'पाहिली होती.' 'मग?' 'मग काय?'

ज्या माणसाने आपली चूक दुरुस्त करावी म्हणून तो तासभर निर्धास्त बसला होता, त्याच माणसाचं तोंड त्याने स्वतः बंद केलं होतं.

तो औषधवाल्यांकडे धावला. औषधवाले रस्सीखेचीचा दोर मोजत होते. "येतील हो," ते म्हणाले. "बायका आहेत. चार पावलं चालतील, आठ गोष्टी बोलतील."

"माझा बाण चुकलाय," पेंटर म्हणाला.

"काय?"

"आठवा बाण चुकलाय. त्या खाणीकडे गेल्या असणार."

औषधवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला," ते म्हणाले आणि खिशातून जीपची किल्ली काढून पोस्टमनच्या हातात दिली.

जीप खाणीच्या खालच्या अंगाला पोचली तेव्हाच वरून बायकांचे आवाज ऐकू आले. त्यात रडण्याचा आवाज नव्हता, भांडणाचाच होता, म्हणून पेंटरचा जीव भांड्यात पडला. पण वर पोचल्यावर पाहिलं तर शिवणबाई जमिनीवर आडवी. वाटेची कड तिच्या पायाखालून निसटली होती आणि ती दोन पुरुष खोल घसरत जाऊन एका खडकाला अडकली होती. बायकांनी ओढण्यांची गाठ मारून तिला वर ओढलं होतं. डाव्या पायाची नडगी मोडली होती हे सांगायला डॉक्टर नको होता. पेंटरीणबाईने एक छत्री मोडून तिची काठी पायाला बांधली होती आणि शिवणबाईचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती. तिच्या हातांवर रक्त होतं, स्वतःचं की मैत्रिणीचं ते कळत नव्हतं.

"आले बाणवाले!" बेकरीवाली पेंटरला बघून कडाडली. "काय हो, आम्हाला खाणीत गाडायचा विचार होता का?"

"चुकलं माझं," पेंटर म्हणाला. "बाण उलटा काढला मी."

"आम्ही तर बाण बघून निमूट वळत होतो. ही थांबली तिथे, चांगली मिनिटभर. तेव्हा मीच हिला विचारलं. म्हटलं, अगं, नवऱ्याने भलतीकडे तर नाही ना दाखवलं? आम्ही सगळ्या हसलो. तर ही काय म्हणाली माहीत आहे? 'नाही, बरोबर आहे. चला.' आम्ही आपल्या चाललो, हिच्या भरवशावर."

शिवणबाईने डोळे उघडले. वेदनेने तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज स्वच्छ होता. तिने वर, आपलं डोकं जिच्या मांडीवर होतं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

पेंटरीणबाईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"अगं, मी विचारतेय. तुला माहीत होतं, बाण चुकलाय म्हणून?"

"माहीत होतं," ती म्हणाली. "वाटलं, ही वाटही खाली उतरतेच. अर्धा तास जास्त लागेल, एवढंच."

शिवणबाईने मान वळवली. त्या दोघींनी वीस वर्षं एका यंत्रावर आळीपाळीने शिवलं होतं, एकीच्या बाळंतपणात दुसरी तिच्या घरी राहिली होती. पोस्टमनने आणि पेंटरने शिवणबाईला उचलून जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. पेंटरीणबाई तिच्या पायाशी बसायला म्हणून चढू लागली, तेव्हा शिवणबाई म्हणाली, "तू नको येऊस."

"अगं, पाय धरायला कुणीतरी..."

"बेकरीवाली येईल. तू नको."

पेंटर मध्ये पडला. "बाई, राग माझ्यावर काढा. मीच हिला सांगितलं होतं. चारचौघांत माझी चूक काढायची नाही, असं मीच..."

"तुमचा हात चुकला, भाऊजी," शिवणबाई डोळे मिटून म्हणाली. "हात कुणाचाही चुकतो. मी रोज दहा टाके उसवते. पण हिला दिसत होतं. दिसत असून हिने मला पुढे चालू दिलं." मग ती पोस्टमनला म्हणाली, "चला हो लवकर."

जीप गेली. उरलेल्या बायका पेंटरच्या मागोमाग उतरू लागल्या. पेंटरीणबाई सगळ्यांच्या मागे, एकटी. कुणी तिच्याबरोबर चाललं नाही आणि तिनेही कुणाला गाठायचा प्रयत्न केला नाही. पेंटर दोनदा थांबला. दोन्ही वेळा तीही तेवढ्याच अंतरावर थांबली.

मैदानावर बातमी आधीच पोचली होती आणि बातमीला नेहमीप्रमाणे शिंगं फुटली होती. कुणी म्हणत होतं दोघी पडल्या, कुणी म्हणत होतं खाण कोसळली. बँड बंद होता. पेंटर सरळ मंचावर चढला आणि औषधवाल्यांच्या हातातून त्याने माइक घेतला.

"आठव्या दगडावरचा बाण मी चुकीचा काढला," तो म्हणाला. "मला ते साडेदहालाच कळलं होतं. कळूनही मी तासभर इथे सरबत पीत बसलो. लोक हसतील म्हणून बोललो नाही. माझ्या बायकोला बाण चुकल्याचं दिसलं होतं, पण तिने बोलू नये असं मीच तिला बजावलं होतं. तेव्हा जे झालं ते माझ्यामुळे झालं. शिवणबाईंचा पाय बरा होईपर्यंत त्यांना काय हवं नको ते मी बघेन. बस्स."

हशा पिकेल, शिव्या पडतील, कुणी दगड मारील, अशा सगळ्या तयारीने पेंटर उभा होता. पण गर्दीतून कुणीतरी टाळी वाजवली. मग आणखी कुणी. बघता बघता सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. ड्रिलमास्तर मंचावर चढून आले आणि त्यांनी पेंटरला मिठीच मारली. "याला म्हणतात छाती!" ते माइकवरून म्हणाले. "स्वतःची चूक अशी भर सभेत कबूल करायला काळीज लागतं!" औषधवाल्यांनी डोळे पुसले. डेअरीवालासुद्धा पाठीला हात लावत पुढे आला आणि म्हणाला, "पेंटर, मानलं तुम्हाला." बँडमास्तरला काय वाटलं कोण जाणे, त्याने एक चाल सुरू केली.

लोक पेंटरचा हात हातात घेत होते, आणि त्याच लोकांची नजर मधूनमधून मैदानाच्या टोकाला, नळापाशी जात होती. तिथे पेंटरीणबाई वाकून हात धूत होती. "पण तिने तरी बोलायला हवं होतं," कुणीतरी पेंटरच्या कानाशी म्हणालं. "नवऱ्याने सांगितलं म्हणून काय झालं? चौदा बायकांच्या जिवाचा प्रश्न." दुसरं कुणी म्हणालं, "तेच ना. याने निदान कबूल तरी केलं."

पेंटरला ते ऐकून शिसारी आली. त्याने सगळी चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली होती, आणि लोकांनी ती उचलून, झटकून, अगदी नीट घडी घालून तिच्या डोक्यावर ठेवली होती. तो हात सोडवत, खांदे चुकवत नळापर्यंत गेला.

"मी सांगितलं सगळ्यांना," तो म्हणाला. "सगळं सांगितलं. आपण घरी जाऊ."

ती हात धुतच राहिली. नखांत रक्त अडकलं होतं, ते निघत नव्हतं.

"अगं, बोल काहीतरी. शिव्या दे मला. तू माझ्यामुळे गप्प बसलीस, हे मी सांगितलं ना सगळ्यांना."

तिने नळ बंद केला. "ते खोटं आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुमच्यामुळे गप्प बसले, ते खोटं आहे." ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती. "त्या दगडापाशी मी उभी राहिले ना, तेव्हा मला आधी हसू आलं. वाटलं, बरं झालं. माझ्याशिवाय तुमचं अडत नाही ना? मग आता चौदाजणी अर्धा तास उशिरा पोचतील, सगळं गाव विचारील कुठे होतात, आणि तुम्हाला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. मी काहीच न बोलता. मला ते हवं होतं. ती बेकरीवाली विचारत होती तेव्हासुद्धा हवं होतं." तिने पदराला हात पुसले. "खाणीची कड ढासळल्याचं मलाही ऐकून माहीत होतं. त्या वेळी ते मी मनात येऊच दिलं नाही."

बाण चुकल्याचं कळलं तेव्हा, जीपमध्ये बसताना, मंचावर चढताना, एवढ्या सगळ्या वेळात हे पेंटरच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आपण सांगितलं आणि तिने ऐकलं, यापलीकडे तिच्या मनात काही चालत असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"हे कुणाला सांगू नकोस," तो घाईघाईने म्हणाला. "लोकांना मी सांगितलंय तेच राहू दे."

"का? तुमचं तुम्ही सांगितलंत. माझं मी सांगणार." तिने चपला घातल्या. एका चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिने पिनेने अडकवला. "मी हॉस्पिटलात चाललेय."

"तिने तुला नको म्हटलंय."

"हो. म्हणून चाललेय."

"थांब, मी येतो. औषधवाल्यांची जीप परत येईलच एवढ्यात."

"तुम्ही नका येऊ."

"का?"

मंचावरून औषधवाले माइकवर पेंटरला हाका मारत होते. बँड जोरात होता, म्हणून तिला जरा आवाज चढवावा लागला.

"तुम्ही आलात की तिथेही माफी तुम्हीच मागाल," ती म्हणाली. "आणि ती देऊन टाकेल तुम्हाला. मला काय उरेल मग?"

फाटकातून बाहेर पडून ती हॉस्पिटलच्या रस्त्याला लागली. तुटक्या चपलेमुळे पाय ओढत चालत होती. पेंटर फाटकापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. मागून कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालं, चला, सगळे थांबलेत तुमच्यासाठी.